एक गाव, दोन धनी

मुलांनो, एक कोडं सोडवा पाहू. एका गावात दोन सरपंच, दोन सरकारी शाळा आणि घराघरांत दोन-दोन रेशन कार्डं. गाव मात्र एकच! सांगा, हे गाव कुठलं?

"छे! असं गाव असूच शकत नाही," असं लगेच म्हणू नका. हे गाव परदेशात नाही आणि गोष्टीच्या पुस्तकातही नाही. नागपूरहून दक्षिणेला निघायचं. चंद्रपूर, राजुरा, गडचांदूर करत जिवतीचा डोंगर चढायचा. तेलंगणाच्या सीमेला लागून, चंद्रपूर जिल्ह्याच्या अगदी टोकाला अशी एक-दोन नव्हे, चांगली चौदा गावं आहेत.

आपल्याकडे एक म्हण आहे : दोन घरचा पाहुणा उपाशी. या घराला वाटतं, तो त्या घरी जेवेल. त्या घराला वाटतं, तो या घरी जेवला असेल. बिचारा पाहुणा दोन्हीकडून हात हलवत परत! मग ज्या गावाला दोन सरकारं, ते गाव तुपाशी की उपाशी?

याचं उत्तर शोधायला आपण जरा लांबून सुरुवात करू. आधी युरोपात जाऊ, मग पॅसिफिक महासागरात. तिथून थेट आपल्या वऱ्हाडात उतरू, पेंचच्या धरणावर थोडं थांबू आणि शेवटी जिवतीचा डोंगर चढू. अ‍ॅटलास जवळ घेऊन बसा. आई-बाबांनाही बोलवा, कारण यातल्या काही गोष्टी त्यांनाही नव्या वाटतील.

सामाईक विहिरीचा हिशेब

निघण्यापूर्वी एक सोपी गोष्ट समजून घेऊ. समजा, आजोबांनी शेतात विहीर खणली. पुढे दोन मुलांत शेताची वाटणी झाली. शेत मधोमध बांध घालून वाटता येतं, पण विहीर कशी वाटणार? ती राहते दोघांची. सातबाऱ्यावर 'सामाईक विहीर' अशी नोंद होते.

आता दोघा भावांना बसून काही गोष्टी ठरवाव्या लागतात. पाण्याची पाळी कुणाची कधी? मोटारीचं बिल कोण भरणार? उन्हाळ्यात गाळ काढायचा खर्च किती-किती? हे नीट ठरलं, तर दोन्ही शेतं हिरवीगार. नाही ठरलं, तर "तू काढ गाळ", "नाही, तूच काढ" असं म्हणता म्हणता विहीर बुजून जाते.

देशांचंही असंच असतं. कधी कधी एखादं बेट, एखादी नदी, एखादा मुलूख दोन देशांत सामाईक राहतो. इंग्रजीत अशा मुलखाला 'कॉन्डोमिनियम' म्हणतात. शब्द लॅटिनमधून आला आहे. 'कॉन' म्हणजे एकत्र आणि 'डोमिनियम' म्हणजे मालकी. आपण त्याला 'सामाईक अंमल' म्हणू. विहिरीचा हिशेब मात्र विसरू नका. तो पुढे प्रत्येक ठिकाणी लागणार आहे.

सहा महिने तुझं, सहा महिने माझं

अ‍ॅटलासमध्ये फ्रान्स आणि स्पेन काढा. दोघांच्या सीमेवर समुद्राजवळ बिदासोआ नावाची एक लहानशी नदी आहे. तिच्या पात्रात एक चिमुकलं बेट आहे, फेझंट बेट. लांबी सुमारे २०० मीटर आणि रुंदी जेमतेम ४० मीटर. तुमच्या शाळेचं मैदानसुद्धा कदाचित याच्याएवढं असेल!

या बेटाची गंमत अशी, की दरवर्षी १ फेब्रुवारी ते ३१ जुलै ते स्पेनच्या ताब्यात असतं आणि १ ऑगस्ट ते ३१ जानेवारी फ्रान्सच्या. म्हणजे जमीन तीच, झाडं तीच, पण वर्षातून दोनदा देश बदलतो.

हे आलं कुठून? फ्रान्स आणि स्पेन यांच्यात बरीच वर्षं लढाई चालली होती. १६५९ साली दोघांनी याच बेटावर बसून तह केला. पुढच्याच वर्षी तहाची खूण म्हणून स्पेनच्या राजाची मुलगी फ्रान्सचा राजा चौदावा लुई याला दिली, तेव्हा दोन्ही राजे इथंच भेटले. अशी जागा एकट्या कुणाच्या पदरात कशी टाकायची? म्हणून ती दोघांची राहिली. पाळीचे नियम पुढच्या करारांनी पक्के झाले आणि ते आजही पाळले जातात.

इथं सामाईक अंमल इतका सुरळीत का चालतो, ओळखा पाहू. एक तर पाळी तारखेसकट लिहून ठेवलेली आहे. आणि दुसरं, त्याहून मोठं कारण म्हणजे या बेटावर कुणीच राहत नाही! ना घर, ना शाळा, ना दवाखाना. तक्रार करायला माणूसच नाही, मग भांडण कशावरून होणार?

दोन पोलीस, दोन तुरुंग

पण जिथं माणसं राहतात तिथं काय होतं? चला पॅसिफिक महासागरात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला बेटांची एक माळ दिसेल. आज त्या देशाचं नाव वानुआतू. पूर्वी त्याला न्यू हेब्रिडीज म्हणत. इंग्रज आणि फ्रेंच दोघांचाही त्यावर डोळा होता. शेवटी १९०६ साली दोघांनी ठरवलं, की राज्य दोघं मिळून करू.

ऐकायला किती छान! पण प्रत्यक्षात काय झालं? पोलीस दोन प्रकारचे, एक इंग्रजांचे आणि एक फ्रेंचांचे. शाळा दोन पद्धतींच्या, एकीत इंग्रजी आणि दुसरीत फ्रेंच. दवाखाने दोन, तुरुंग दोन, नाणीही दोन. बाहेरून कुणी तिथं राहायला आला, तर त्यानं कोणत्या देशाचा कायदा लागू व्हावा ते निवडायचं. दोघांचं भांडण झालं तर? त्यासाठी एक संयुक्त न्यायालय होतं. त्यात एक न्यायाधीश इंग्रज, एक फ्रेंच आणि अध्यक्ष नेमायचा स्पेनच्या राजानं! इंग्रजीत 'पँडेमोनियम' म्हणजे नुसता गोंधळ. लोक थट्टेनं म्हणू लागले, हे कॉन्डोमिनियम नव्हे, पँडेमोनियम आहे.

थट्टा बाजूला ठेवू. या सगळ्यात बेटांवरच्या मूळ रहिवाशांचं काय? इंग्रजांना आपला कायदा होता, फ्रेंचांना आपला होता. पण जे शेकडो वर्षं तिथं राहत होते, ते कायद्यानं ना ब्रिटिश नागरिक होते, ना फ्रेंच. स्वतःच्याच बेटावर ते कुठल्याच देशाचे नव्हते! दोन-दोन सरकारं असूनही 'हा माझा माणूस' असं म्हणणारं एकही नाही. ३० जुलै १९८० रोजी वानुआतू स्वतंत्र झाला, तेव्हा कुठं त्यांना स्वतःचा देश मिळाला.

बघा, आपला दोन घरचा पाहुणा इथं उपाशीच राहिला होता.

नाव निजामाचं, कारभार इंग्रजांचा

आता घराकडे वळू. नागपूरहून मुंबईच्या गाडीत बसलात, की वर्ध्यानंतर पुलगाव लागतं. पुलगाव सोडून गाडी धामणगावकडे निघाली, की वर्धा नदीचा पूल येतो. पुढच्या वेळी तो पूल ओलांडताना खिडकीतून जरूर बघा. स्वातंत्र्याच्या आधी हा पूल ओलांडला, की कागदोपत्री तुम्ही निजामाच्या मुलखात शिरत होता! मात्र पलीकडे हुकूम चालायचा इंग्रजांचा.

ही भानगड समजायला थोडं मागं जावं लागेल. मराठ्यांच्या काळात वऱ्हाडावर नागपूरकर भोसले आणि हैदराबादचा निजाम असे दोघांचे हक्क होते. एकाच गावातून दोघांची माणसं वसुली करायची. अशा कारभाराला 'दोअमली' म्हणत, म्हणजे दोन अंमल. १८०३ साली इंग्रजांनी भोसल्यांचा पराभव केला. त्या वर्षीच्या डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड निजामाकडे गेलं.

पण निजामाला ते फार काळ सांभाळता आलं नाही. हैदराबादेत इंग्रजांच्या हाताखाली एक फौज असे. तिचा खर्च निजामानं द्यायचा, असं ठरलेलं होतं. पैसे थकत गेले, कर्ज वाढत गेलं. १८५३ साली इंग्रजांनी त्या खर्चापोटी वऱ्हाडाचा कारभार आपल्याकडे घेतला. पुढे १९०२ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी निजामाशी नवा करार केला. वऱ्हाड कायमच्या पट्ट्यानं इंग्रजांकडे आणि त्याबद्दल निजामाला दरवर्षी २५ लाख रुपये. मालकी मात्र निजामाचीच! १९०३ साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं आणि त्याचा कारभार आपल्या नागपुरातून चालू लागला.

म्हणजे अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा इथल्या माणसाला विचारलं, "तुझा राजा कोण?" तर कागदाप्रमाणे उत्तर होतं, हैदराबादचा निजाम. आणि "कलेक्टर कुणाचा, कोर्ट कुणाचं?" तर इंग्रजांचं.

यातून काय काय गमती झाल्या बघा. वऱ्हाड हा कागदोपत्री 'परका मुलूख'. त्यामुळे ब्रिटिश हिंदुस्थानात केलेला कायदा तिथं आपोआप लागू होत नसे. "हा कायदा वऱ्हाडालाही लागू आहे," असा वेगळा हुकूम काढावा लागे. नागपूरच्या कायदे कौन्सिलात वऱ्हाडचे सभासद यायचे. लोक त्यांना मतं देऊन निवडायचे, पण परक्या मुलखाचा माणूस 'निवडून आला' असं कसं म्हणायचं? म्हणून निवडून आलेल्यालाच सरकार पुन्हा 'नेमायचं'! १९३६ साली निजामाशी आणखी एक करार झाला. निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र, असा किताब मिळाला. बेरार हे वऱ्हाडचंच इंग्रजी नाव. राजपुत्र हैदराबादेत आणि त्याच्या नावाच्या मुलखाचा कारभार नागपुरात.

देश स्वतंत्र झाला, १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई होऊन हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि हा सगळा घोळ संपला. वऱ्हाड आधी मध्य प्रदेशात, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आलं.

वऱ्हाडात न्यू हेब्रिडीजइतका गोंधळ झाला नाही. का बरं? कारण मालक दोघं असले तरी कारभारी एकच होता. शाळा कुणी काढायची, रस्ता कुणी बांधायचा, याचं उत्तर ठरलेलं होतं. पण आपल्या पैशांचा आणि आपल्या मुलखाचा करार दोन मोठ्या माणसांनी केला, त्यात वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कुणी काही विचारलं नाही, हेही तितकंच खरं.

तोतलाडोहची वीज कुणाची?

सामाईक कारभाराचं एक चांगलं उदाहरण हवंय? ते तुमच्या घरातल्या नळापर्यंत आलेलं आहे.

नागपूरला पिण्याचं पाणी मुख्यतः पेंच आणि कन्हान या नद्यांतून मिळतं. पेंच नदी मध्य प्रदेशातून येते. रामटेकच्या पुढे, दोन राज्यांच्या सीमेवर, तोतलाडोहचं मोठं धरण आहे. तिथं वीजही तयार होते. ८० मेगावॅटचे दोन संच, म्हणजे एकूण १६० मेगावॅट. हा प्रकल्प महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोघांचा. मग वीज कुणाची? करारात वाटा लिहिलेला आहे. दोन भाग मध्य प्रदेशाचे, एक भाग महाराष्ट्राचा. सीमेच्या दोन्ही बाजूंना पेंचचा व्याघ्र प्रकल्प आहे. तिकडचा मध्य प्रदेशचा वनविभाग सांभाळतो, इकडचा महाराष्ट्राचा. वाघ मात्र कुणालाही न विचारता इकडून तिकडे जातो!

पाणी, वीज आणि वाघ यांच्याबाबत दोन राज्यांना असा हिशेब ठरवता आला. मग माणसांच्या बाबतीत का बरं अवघड जावं?

जिवतीच्या डोंगरावर

आता आलो आपण कोड्यातल्या गावांकडे. परमडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर ही त्यांतली काही नावं. पूर्वी राजुरा तालुका आणि हा सगळा डोंगराळ भाग हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे पुन्हा तोच निजाम! १९५६ साली भाषेप्रमाणे राज्यं झाली, तेव्हा राजुरा मराठी मुलखाकडे आला. तो आधी नांदेड जिल्ह्यात होता आणि १९५९ साली चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात आला. पण डोंगरातल्या या गावांजवळ नेमकी रेघ कुठून जाते, यावर दोन्ही बाजूंचं एकमत झालं नाही. आंध्र प्रदेश म्हणे, गावं आमची. महाराष्ट्र म्हणे, आमची. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. २ जून २०१४ रोजी तेलंगण राज्य वेगळं झालं, तेव्हा वादही तेलंगणाच्या वाट्याला आला.

इथली बरीच कुटुंबं मराठी बोलतात. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास मराठवाड्यातून पोटासाठी आलेली कितीतरी माणसं इथं स्थायिक झाली. गोंड, कोलाम आणि बंजारा समाजही आहे.

दोन्ही राज्यं 'गाव आमचं' म्हणत राहिल्यानं दोघांनीही तिथं कारभार केला. जिल्हा परिषदेची मराठी शाळा आणि तेलंगणाची तेलुगू शाळा. ग्रामपंचायती दोन, सरपंच दोन, रेशन दोन्हीकडचं. एकाच माणसाचं नाव दोन्ही राज्यांच्या मतदार यादीत. सीमेवरच्या एका घराची हकिकत तर २०२२ साली देशभर गाजली. त्या घराच्या चार खोल्या महाराष्ट्रात आणि चार तेलंगणात! घरपट्टी दोन्हीकडे भरायची.

"मग काय, मज्जाच!" असं तुम्ही म्हणाल. दोन्हीकडचं धान्य, दोन्हीकडच्या योजना. ते खरंच होतं आणि गावकरी ते नाकारतही नाहीत. पण आता दुसरी बाजू बघा.

वर्षानुवर्षं कसलेली जमीन पक्क्या कागदानं नावावर नाही, ही तिथल्या शेतकऱ्यांची मोठी तक्रार राहिली आहे. सातबारा नाही, तर बँकेचं पीककर्ज कसं मिळणार? मतदानाचं म्हणाल, तर कायद्यानं नाव एकाच यादीत असायला हवं. पण दोन्ही सरकारांनी आपापल्या यादीत घातलं, तर गावकऱ्यानं काय करायचं?

आणि तुमच्याच वयाच्या मुलाचा विचार करा. परमडोलीच्या तांड्यावर एक बंजारा मुलगा आहे, असं समजा. तेलंगणात त्याचा समाज अनुसूचित जमातीत मोडतो. महाराष्ट्रात तोच समाज विमुक्त जातींत येतो. मुलगा एकच, आई-वडील तेच, पण दाखला कोणत्या राज्याचा काढला त्यावर शिष्यवृत्ती आणि पुढचा कॉलेजचा प्रवेश ठरणार. शाळा तेलुगू निवडायची की मराठी? पहिलीत दप्तर उचलताना घेतलेला हा निर्णय त्याला दहावीनंतरही सोडत नाही. तुम्ही-आम्ही शाळा निवडतो, तेव्हा राज्य निवडायची वेळ येते का आपल्यावर?

जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या महसूलमंत्र्यांनी जाहीर केलं, की ही चौदा गावं महाराष्ट्राचीच आहेत आणि त्यासाठी लागणारी प्रक्रिया पूर्ण करायची. बातमी मोठीच. पण सीमेच्या प्रश्नात एका भावानं "विहीर माझी" म्हणून भागत नाही. दुसऱ्यानंही "बरं, तुझी" असं लिहून द्यावं लागतं. आणि गावकऱ्यांच्या दृष्टीनं खरा निकाल कोणता? जमिनीचा कागद हातात पडेल तो.

तर मग, तुपाशी की उपाशी?

आपण चार सामाईक कारभार पाहिले आणि पाचवा जिवतीचा. जरा तुलना करू. फेझंट बेटावर पाळी ठरली आहे. तोतलाडोहला वाटा ठरला आहे. वऱ्हाडात कारभारी ठरला होता. न्यू हेब्रिडीजमध्ये करार होता, पण ज्यांचं गाव त्यांचाच त्यात पत्ता नव्हता. आणि जिवतीच्या डोंगरावर तर करारच नव्हता, होते ते दोन दावे! दोघांनी मिळून चालवलेलं घर वेगळं आणि दोघांनी "माझं, माझं" म्हणून ओढलेलं घर वेगळं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात, कारण दोन्हीकडे पाट्या दोन असतात.

म्हणून कुठंही 'दोन सरकारं' असं वाचलंत, की तीन प्रश्न विचारा. कोणी काय करायचं हे लिहून ठेवलंय का? चुकलं तर जाब कुणाला विचारायचा? आणि तिथं राहणाऱ्या माणसांना कुणी विचारलंय का? तिन्हींची उत्तरं नीट मिळाली, तर पाहुणा दोन्ही घरी पोटभर जेवेल.

हे करून पाहा

१. महाराष्ट्राच्या नकाशावर वर्धा नदी निळ्या पेन्सिलीनं गिरवा. तिच्या पश्चिमेकडचे जुन्या वऱ्हाडातले जिल्हे रंगवा. वाशीम विसरू नका, तो जिल्हा १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला!

२. चंद्रपूर जिल्ह्यात जिवती शोधा. त्याला लागून तेलंगणाचा कोणता जिल्हा आहे? (उत्तर : कुमुरम भीम आसिफाबाद.)

३. घरात किंवा शेजारी सामाईक काय काय आहे याची यादी करा : जिना, नळ, विहीर, अंगण, टी.व्ही.चा रिमोट. प्रत्येकापुढे लिहा : नियम ठरलेला आहे की नाही? जिथं 'नाही' येईल, तिथं आज रात्री जेवताना सगळ्यांनी बसून तो ठरवून टाका. आणि हो, त्यात घरातल्या सगळ्यात लहान माणसालाही विचारायचं बरं का!